पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फेररचना आणि शिक्षकांची मान्यता
विद्यापीठाचा कारभार : लेखांक ९

पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलताना विद्यापीठाला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: काय शिकवायचे आणि ते कोणी शिकवायचे. पहिली गोष्ट अभ्यास मंडळात ठरते, दुसरी निवड समितीत आणि मान्यता विभागात. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत या कारभाराचा पाया महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा आहे. १९९४ च्या कायद्याच्या जागी तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला.

या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. त्यांच्याखाली विषयाचे किंवा विषयगटाचे अभ्यास मंडळ असते. त्यात विद्यापीठाच्या विभागाचे प्रमुख असतात, संलग्न महाविद्यालयांतले शिक्षक असतात आणि बाहेरचे तज्ज्ञही असतात. मंडळाची मुदत पाच वर्षांची. अभ्यासक्रमाचा मसुदा इथे घडतो. त्यातही बहुतेक काम पेपरनिहाय नेमलेल्या छोट्या उपसमित्यांत होते. एखादा घटक जुना झाला म्हणून काढायचा का, सुचवलेला संदर्भग्रंथ विद्यार्थ्याला मिळेल का, प्रात्यक्षिकाला लागणारे उपकरण तालुक्याच्या महाविद्यालयात आहे का, या प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळाली पाहिजेत. पुढच्या पायरीवर ते विचारायला कोणाला फारसा वेळ नसतो.

मंडळाची शिफारस विद्याशाखेकडे आणि तिथून विद्या परिषदेकडे जाते. विद्या परिषदेचे अध्यक्ष कुलगुरू असतात आणि शैक्षणिक बाबींत तिची मान्यता निर्णायक असते. पैशाचा प्रश्न असला तर विषय व्यवस्थापन परिषदेपुढेही येतो. मान्यतेनंतर परिपत्रक निघते आणि ठरलेल्या शैक्षणिक वर्षापासून बदल लागू होतो.

सगळे बदल एका वजनाचे नसतात. संदर्भसूचीत दोन पुस्तके वाढवणे हे एका बैठकीचे काम आहे. श्रेयांक, प्रवेशाची पात्रता किंवा परीक्षेची पद्धत बदलायची तर नियमच बदलावे लागतात आणि आधी प्रवेश घेतलेल्यांची सोय लावावी लागते. म्हणून फेररचना टप्प्याटप्प्याने येते: यंदा पहिले वर्ष, पुढच्या वर्षी दुसरे. जुन्या पॅटर्नमध्ये विषय राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा काही काळ चालू ठेवाव्या लागतात. पदवीचे नाव मात्र विद्यापीठाच्या मर्जीवर नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलेल्या पदव्यांच्या यादीतलेच नाव वापरावे लागते.

अलीकडची सर्वांत मोठी फेररचना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे झाली. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांत नवा आराखडा आणायला सुरुवात केली. राज्याने आखून दिलेल्या रचनेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चार सत्रे आणि प्रत्येक सत्राला २२ याप्रमाणे एकूण ८८ श्रेयांक धरले आहेत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४ श्रेयांक, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाला किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला ४, तिसऱ्या सत्रातल्या संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यातल्या प्रकल्पाला ६. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळू शकते. चार वर्षांची पदवी घेऊन येणाऱ्यासाठी एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची वाट आहे.

या आराखड्याची कसोटी वर्गात लागते. दुसऱ्या वर्षाचे १० श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे आहेत, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र मार्गदर्शन हवे. वर्गात ६० विद्यार्थी आणि पदव्युत्तर शिक्षक तीन, अशी स्थिती असली तर एकेका शिक्षकाकडे २० प्रकल्प येतात. वीस विषय, वीस आराखडे, वीस अहवाल नीट वाचणे तासिका सांभाळून एका माणसाला जमणारे नाही. वैकल्पिक पेपरांचेही तसेच. अभ्यास मंडळ यादीत सहा पर्याय देते. महाविद्यालयात दोनच शिकवणारे असले की विद्यार्थ्याच्या वाट्याला एकच पर्याय येतो आणि निवड कागदावर राहते. मसुदा मंजूर करताना तो शिकवू शकणारे शिक्षक किती केंद्रांत आहेत, हे विद्या परिषदेने विचारायलाच हवे.

आता शिक्षकाची बाजू. संलग्न महाविद्यालयात नेमणूक होते तेव्हा जाहिरात, आरक्षणाची बिंदुनामावली, कुलगुरूंचे प्रतिनिधी व विषयतज्ज्ञ असलेली निवड समिती हे टप्पे असतात. सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. निवडीनंतर प्रस्ताव विद्यापीठाकडे जातो आणि मान्यतेचे पत्र येते. पण पदवीच्या वर्गांना शिकवण्याची मान्यता म्हणजे पदव्युत्तर वर्गाची मान्यता नव्हे. त्यासाठी अनुभव, पीएच.डी., प्रकाशित संशोधन यांच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या विद्यापीठागणिक बदलतात. पदे रिकामी राहिल्याने अनेक केंद्रे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. त्यांची मान्यता सहसा त्या वर्षापुरती असते; दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातला विद्यार्थी ज्याच्याकडे प्रकल्प सुरू करतो, तोच शिक्षक शेवटपर्यंत असेल याची खात्री उरत नाही. हे नुकसान कोणत्याही इतिवृत्तात नोंदले जात नाही.

पीएच.डी.च्या मार्गदर्शकाचे निकष मात्र देशभर सारखे आहेत. आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे विनियम त्याला आधार आहेत. मार्गदर्शक कायम सेवेतला हवा. प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकाची स्वतःची पीएच.डी. आणि समीक्षित नियतकालिकांत किमान पाच शोधनिबंध असावे लागतात. सहायक प्राध्यापकाला पीएच.डी.सह तीन पुरतात. एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि तीन सहायक असे सगळे मार्गदर्शक असले तर एकूण जागा ३२ होतात. विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करायच्या रिक्त जागा या हिशेबातून निघतात. म्हणून एका शिक्षकाची गाईडशिप रखडली की तेवढ्या विद्यार्थ्यांची दारे त्या वर्षी बंद होतात.

निबंध मोजणे सोपे, पारखणे अवघड. मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आयोगाने चालवली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाल्याचे जाहीर झाले आणि नियतकालिकाचा दर्जा तपासण्याची जबाबदारी विद्यापीठांकडे आली. गाईडशिपच्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीला आता निबंध प्रत्यक्ष वाचावे लागतील. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार पाहता, विषयातला माणूस समितीत असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

मार्गदर्शकाची मान्यता वयाशीही बांधलेली आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी नोंदलेल्या विद्यार्थ्यांना मात्र तो निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतो आणि त्यानंतर वयाच्या ७० व्या वर्षापर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतो. मुख्य मार्गदर्शक म्हणून तेव्हा सेवेतला दुसरा पात्र शिक्षक नेमावा लागतो.