जुनी माउंटन बाईक करा हलकीफुलकी

जिन्याखाली किंवा गच्चीवर धूळ खात पडलेली जुनी सायकल अनेक घरांत सापडते. ती भंगारात देण्याआधी थोडं थांबा. 1980 आणि 90 च्या दशकांतल्या स्टीलच्या माउंटन बाईक शोधून, त्यांचा एकेक भाग खोलून, वजन कमी करून त्या पुन्हा उभ्या करण्याचा छंद जगभर आहे. हाताशी थोडी अवजारं आणि भरपूर संयम असेल तर हे काम घरीही जमतं.

सुरुवात झाली उतारावर

माउंटन बाईकचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. 1970 च्या दशकात मरिन काउंटीतली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्यापुराण्या, अवजड सायकली डोंगरावर न्यायची आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली यायची. 21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे, म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’!

1977 मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी क्रोमोली स्टीलची नवी फ्रेम बनवली. 1981 मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टंपजंपर’ बाजारात आली आणि माउंटन बाईक सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली.

आधी फ्रेम ओळखा

फ्रेमवर ‘क्रोमोली’ किंवा ‘4130’ असं लिहिलेलं दिसलं तर अर्धं काम झालं. हे पोलाद मजबूत असतं, त्यामुळे नळ्या पातळ ठेवता येतात. चांगल्या फ्रेममध्ये तर नळी जोडाजवळ जाड आणि मधे पातळ असते. साध्या, जाड स्टीलची फ्रेम मात्र जडच राहते. तिच्यावर महागडे भाग बसवून पैसे वाया घालवू नका. तिची नीट सर्व्हिसिंग करा आणि वापरा.

नळ्यांना आतून गंज लागलाय का, जोडांवर तडे गेलेत का, हे रंगकाम करण्याआधीच तपासा.

वजन कुठे कमी कराल?

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. काढलेला प्रत्येक भाग पुसून तोला आणि वहीत लिहा. हे काम मुलांवर सोपवा, त्यांना मजा येईल.

• टायर-ट्यूब : सुरुवात इथून करा. चाकाच्या कडेचं वजन पुढे सरकतं आणि फिरतंही, त्यामुळे सायकलला वेग देताना ते जवळपास दुप्पट जाणवतं. कडेला तारेऐवजी केव्हलारचा धागा असलेले, घडी होणारे टायर आणि पातळ ट्यूब घ्या. कमी खर्चात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो.

• गिअर : पुढच्या तीन चकत्यांऐवजी एकच ठेवली, तर दोन चकत्या, पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर आणि तार इतकं सगळं निघतं. पण तुमच्या रस्त्यावर मोठा चढ असेल तर ही काटकसर गुडघ्यांना महागात पडेल.

• सीट आणि सीटचा दांडा : स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा दांडा चालतो. माप मात्र अचूक हवं. 26.8 आणि 27.2 मिलिमीटरचे दांडे दिसायला सारखेच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

इथे कंजुषी नको

हँडल, त्याला धरणारा स्टेम, पुढचा चिमटा आणि ब्रेक या चार ठिकाणी ग्रॅम मोजू नका. स्टील बहुधा तुटण्याआधी वाकून इशारा देतं. वर्षानुवर्षं हादरे सोसलेलं अ‍ॅल्युमिनियम अचानक तुटू शकतं. म्हणून इतिहास माहीत नसलेलं जुनं हलकं हँडल कितीही देखणं असलं तरी भिंतीवर लावा, सायकलला नको. स्टेम वर घेताना त्यावरची मर्यादेची खूण आतच राहिली पाहिजे.

जुन्या कँटिलिव्हर ब्रेकच्या जागी व्ही-ब्रेक बसवणार असाल तर लिव्हरही त्याचेच घ्या. जुन्या लिव्हरने तार पुरेशी ओढली जात नाही आणि ऐन उतारावर फजिती होते. ब्रेक आणि बेअरिंगचं काम स्वतःला जमत नसेल तर जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या.

सायकल हलकी, मजबूत आणि स्वस्त, तिन्ही एकदम मिळत नाही. यांतल्या दोनच गोष्टी निवडा, असं सायकलवाल्यांमध्ये गमतीने म्हटलं जातं. घरच्यांसाठी सायकल बांधताना ‘मजबूत’ ही निवड आधीच झालेली असते. उरलेल्या दोनपैकी कोणती, ते तुमचा खिसा ठरवेल.

सायकल तयार झाली की सगळे बोल्ट तपासा, हेल्मेट घाला आणि आधी सपाट रस्त्यावर चक्कर मारा. परत आल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळा. डोंगर कुठे पळून जात नाही!