मिश्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर-आभासीकरणाचे सुलभीकरण : पुणे शहरातील महाविद्यालयांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : आभासीकरण, हायपरव्हायझर, विंडोज, लिनक्स, परवाना, युनिकोड

प्रस्तावना

पुणे शहराचे संगणकाशी असलेले नाते जुने आहे. १९८८ मध्ये येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे एक राष्ट्रीय डेटा सेंटर पुण्यात आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये 'अझूर' सेवेचा मध्य भारत विभाग पुण्यात सुरू केला. या मोठ्या डेटा सेंटरांमध्ये विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी चालतात आणि त्यांचा मेळ आभासीकरणाच्या तंत्राने घातला जातो.

हाच प्रश्न लहान प्रमाणात महाविद्यालयांपुढेही आहे. ग्रंथालयात पुण्यातच विकसित झालेली 'स्लिम२१' ही प्रणाली विंडोजवर चालते, तर 'कोहा' ही मुक्त प्रणाली लिनक्सवर चालते. लेखा विभागाचे सॉफ्टवेअर विंडोजवर आणि अध्यापनासाठीचे 'मूडल' बहुधा लिनक्सवर असते. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर घेण्याच्या पद्धतीमुळे खोलीत यंत्रांची गर्दी होते. यंत्रांची संख्या कमी होणे आणि व्यवस्था सोपी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आभासीकरणाची संकल्पना

एका प्रत्यक्ष सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर निर्माण करणे म्हणजे आभासीकरण होय. हे काम करणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्यक्ष यंत्र हे यजमान आणि त्यावरील प्रत्येक आभासी सर्व्हर हा पाहुणा होय. प्रत्येक पाहुण्यास आपल्यापाशी स्वतंत्र प्रोसेसर, स्मृती व डिस्क आहे असे वाटते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही प्रणाली मोठ्या संगणकांसाठी जाहीर केली होती. सामान्य सर्व्हरवर मात्र ती उशिरा आली. 'व्हीएमवेअर'ने १९९९ मध्ये पहिले उत्पादन आणले. २००३ मधील 'झेन' या मुक्त हायपरव्हायझरसाठी पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बदल करावा लागत असे. लिनक्सची संहिता खुली असल्याने तिच्यात तो बदल करता येई, परंतु बंदिस्त संहितेच्या विंडोजमध्ये तो वापरकर्त्यास करता येत नसे. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिल्यावर ही अडचण दूर झाली. २००७ मध्ये 'केव्हीएम' लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे 'हायपर-व्ही' आले. आज यांपैकी कोणत्याही हायपरव्हायझरवर दोन्ही कुटुंबांतील पाहुणे चालू शकतात.

यंत्रे कमी होण्याचा लाभ

उदाहरणादाखल, सरासरी २५० वॅट वीज घेणारे ८ सर्व्हर अहोरात्र चालू आहेत असे मानू. त्यांचा वार्षिक वापर १७,५२० युनिट होतो. त्यांचे काम प्रत्येकी ४०० वॅट घेणाऱ्या २ सर्व्हरवर आणल्यास तो ७,००८ युनिटपर्यंत उतरतो. वातानुकूलन व यूपीएस यांवरील भारही त्या प्रमाणात घटतो. तथापि पूर्वी ८ यंत्रांत विखुरलेला गोंधळ जसाच्या तसा २ यंत्रांत आणून ठेवला, तर तो केवळ नजरेआड होतो. पूर्वी एक यंत्र बिघडल्यास एकच विभाग थांबत असे. आता यजमान बिघडल्यास प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय ही तिन्ही कामे एकाच वेळी थांबू शकतात.

सुलभीकरणाची पाच अंगे

१. खालचा थर एकच ठेवणे : वरच्या पाहुण्यांमध्ये विविधता असणे अपरिहार्य आहे. यजमानाच्या पातळीवर मात्र ती टाळावी. विंडोजसाठी एक आणि लिनक्ससाठी दुसरा हायपरव्हायझर ठेवल्यास डिस्कचे स्वरूप, बॅकअपची रीत आणि शिकण्याचा भार ही सर्वच दुप्पट होतात. किमान दोन यजमान असावेत. एक बंद पडल्यास पाहुणे आपोआप दुसऱ्यावर सुरू व्हावेत असे अपेक्षित असेल, तर निर्णायक मतासाठी तिसरे लहान यंत्र साक्षीदार म्हणून ठेवावे. अन्यथा परस्परसंपर्क तुटल्यावर नेमके कोण चालू आहे, याचा निर्णय दोघांनाही करता येत नाही.

२. ड्रायव्हर आधी, स्थलांतर नंतर : केव्हीएममध्ये डिस्क व नेटवर्कसाठी 'व्हर्टिओ' ही आभासी साधने वापरली जातात. त्यांचे ड्रायव्हर २००८ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. विंडोजमध्ये ते स्वतंत्रपणे बसवावे लागतात. ते न बसवता विंडोज सर्व्हर 'व्हर्टिओ' डिस्कवर हलविल्यास सुरू होतानाच निळा पडदा दिसतो, कारण सिस्टिमला स्वतःची डिस्कच सापडत नाही. यात विदा नष्ट झालेली नसते. पण ऐन प्रवेशाच्या दिवसांत हे घडल्यास ती गेली असाच समज होतो.

३. घड्याळाचा मेळ : लिनक्स सर्वसाधारणपणे यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ असल्याचे मानते, तर विंडोज तेथे स्थानिक वेळ असल्याचे गृहीत धरते. आभासी घड्याळ जागतिक वेळेवर ठेवल्यास विंडोज पाहुणा ५ तास ३० मिनिटे मागे पडतो. सकाळी १० वाजता भरलेल्या शुल्काची नोंद पहाटे ४.३० ची दिसते. विंडोजच्या डोमेनमध्ये सर्वसाधारणतः ५ मिनिटांपेक्षा अधिक तफावत चालत नसल्याने प्रवेशही नाकारला जातो. म्हणून विंडोज पाहुण्याचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवावे आणि सर्व पाहुण्यांना एकाच वेळ-सर्व्हरशी जोडावे.

४. परवान्यानुसार मांडणी : यजमान लिनक्सवर आधारित असला तरी त्यावरील विंडोज सर्व्हरचा परवाना माफ होत नाही. २०१६ च्या आवृत्तीपासून तो प्रत्यक्ष यंत्रातील प्रोसेसरच्या गाभ्यांवर मोजला जातो. सर्व गाभ्यांसाठी घेतलेल्या 'स्टँडर्ड' परवान्यात दोन विंडोज पाहुणे बसतात, तर 'डेटासेंटर' परवान्यात संख्येचे बंधन नाही. विंडोज पाहुणा ज्या ज्या यजमानावर जाऊ शकतो, त्या प्रत्येकाचा विचार करावा लागतो. यजमान दोनाहून अधिक असल्यास विंडोज पाहुणे ठरावीक यजमानांवर एकत्र ठेवणे काटकसरीचे ठरते.

५. प्रतिमा म्हणजे बॅकअप नव्हे : आभासी सर्व्हरची क्षणप्रतिमा त्याच डिस्कवर राहते, डिस्क गेल्यास तीही जाते. बॅकअप वेगळ्या यंत्रावर व शक्यतो वेगळ्या इमारतीत असावा. प्रत घेताना डेटाबेस क्षणभर स्थिर करण्यासाठी विंडोज व लिनक्स या दोहोंत पाहुणा-एजंट बसवावा. ठरावीक काळाने बॅकअपमधून एक सर्व्हर प्रत्यक्ष उभा करून पाहावा.

जुन्या नोंदींचा प्रश्न

आभासीकरणाचा एक मोह असा की, जुनी प्रणाली न बदलता तशीच पुढे नेता येते. विंडोज सर्व्हर २००३ चे सुरक्षा-साहाय्य १४ जुलै २०१५ रोजी आणि सेंटओएस ७ चे ३० जून २०२४ रोजी संपले. असे सर्व्हर आभासी स्वरूपात वर्षानुवर्षे चालू शकतात. परंतु नव्या यजमानावर असल्याने त्यांच्यातील उणिवा बुजत नाहीत. त्यांना इंटरनेटपासून तोडून वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवावे.

याहून गंभीर बाब मराठी मजकुराची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी सी-डॅकचे 'आयएसएम' किंवा पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' वापरून भरलेला मजकूर त्या त्या टंकाच्या संकेतांत साठविला जाई. तो टंक नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. वीस वर्षांपूर्वी शिकलेला विद्यार्थी महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मागण्यास येतो, तेव्हा त्याचे नाव त्या फाइलमध्ये असूनही वाचता येत नाही, अशी वेळ येऊ शकते. आभासी सर्व्हर जुने विंडोज जिवंत ठेवून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्यास अवधी देतो. रूपांतराचे काम तो करीत नाही. म्हणून अशा प्रत्येक पाहुण्यास निवृत्तीची तारीख आणि जबाबदार व्यक्ती निश्चित करून द्यावी.

पुरवठादारावरील अवलंबन

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतले आणि त्यानंतरच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत स्वीकारली. एकदाच खर्च करून निश्चिंत झालेल्या संस्थांना फेरविचार करावा लागला. केव्हीएमवर आधारित 'प्रॉक्समॉक्स'सारखे मुक्त पर्याय उपलब्ध आहेत आणि 'व्हर्ट-व्ही२व्ही'सारखी साधने व्हीएमवेअरवरील पाहुणे केव्हीएमवर आणताना आवश्यक ड्रायव्हरही बसवितात. तथापि मुक्त प्रणालीस परवानाशुल्क नसले तरी ती सांभाळणारे प्रशिक्षित मनुष्यबळ लागते, हा खर्च अंदाजपत्रकात दाखविला पाहिजे.

निष्कर्ष

मिश्र ऑपरेटिंग सिस्टिम हा दोष नसून महाविद्यालयीन कामाच्या विविधतेचा परिणाम आहे. म्हणून सुलभीकरण म्हणजे सर्वांना एकाच सिस्टिमवर आणणे नव्हे. यजमान, वेळ, बॅकअप व नोंदवही या खालच्या गोष्टी एकसारख्या करणे आणि वरच्या विविधतेस मोकळीक देणे, हाच त्याचा अर्थ होय. खरेदीपूर्वी प्रत्येक सर्व्हरवर काय चालते, त्याची गरज कोणास आहे आणि तो केव्हा बंद करावयाचा, याची एक पानी यादी प्राध्यापक, ग्रंथपाल व कार्यालय यांनी एकत्र बसून करावी. ज्या सर्व्हरपुढे कोणाचेच नाव लिहिता येत नाही, तो आभासी करण्यापूर्वी त्यातील नोंदी तपासून सुरक्षित ठिकाणी हलवाव्यात आणि मगच तो बंद करावा.