जादूच्या चाहत्यांसाठी एक विज्ञानप्रेमकथा

शिकागोच्या टेलिफोन डिरेक्टरीत ‘जादूगार’ या सदराखाली एकच नाव आहे, हॅरी ड्रेस्डेन. अर्थात हे शिकागो जिम बुचर यांच्या कादंबऱ्यांमधलं. २००० साली सुरू झालेल्या या मालिकेतला जादूगार पोलिसांना तपासात मदत करतो आणि भाडं कसं भरायचं या विवंचनेत असतो. अशा कथांना ‘अर्बन फँटसी’, म्हणजे शहरी अद्भुतकथा म्हणतात. यात राजवाडे नसतात. रस्ते ओळखीचे असतात आणि त्यांच्याआड दुसरं जग असतं. नील गेमननं ते लंडनच्या पोटात, जमिनीखाली वसवलं. बेन ॲरोनोविचच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये तर थेम्स नदीच बाई होऊन एका पोलिसाशी बोलते. नारायण धारप वाचत वाढलेल्या आपल्या वाचकाला याचं फारसं नवल वाटू नये. पडक्या किल्ल्यातल्या भुतापेक्षा राहत्या घरातली बंद खोली जास्त भिववते, हे त्याला ठाऊक असतं.

या वाचकांपुढे विज्ञानकथा ठेवली की ते हटकून नाक मुरडतात. यानं नकोत, यंत्रं नकोत. त्यात ती प्रेमकथा असली की बोलायलाच नको! अशा मंडळींच्या हाती मी ऑड्रे निफेनेगर यांची ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ ही २००३ सालची कादंबरी देतो.

शहर तेच, शिकागो. नायक हेन्री तिथल्या न्यूबेरी ग्रंथालयात काम करतो. हे ग्रंथालय खरोखरीचं आहे. हेन्रीला एक जनुकीय विकार आहे. ताण आला, की तो आहे तिथून नाहीसा होतो आणि भूतकाळात, क्वचित भविष्यात जाऊन पडतो. कुठे आणि किती वेळ, हे त्याच्या हातात नाही. सोबत काहीही नेता येत नाही; अंगावरचे कपडे नाहीत, दातात भरलेलं सिमेंटसुद्धा नाही. त्यामुळे ऐन थंडीत, परक्या गल्लीत, हा सज्जन ग्रंथपाल उघडा उभा असतो. कुलूप उघडणं, खिसे कापणं, जीव घेऊन पळणं ही त्याची पोटापाण्याची विद्या. लहानपणी ही विद्या त्याला शिकवतो कोण, तर वयानं मोठा झालेला तो स्वतःच.

शहरी अद्भुतकथेच्या वाचकाला जे हवं असतं, ते सगळं इथे आहे. त्याला नुसते चमत्कार नको असतात. चमत्काराला नियम हवेत आणि त्याची किंमत कुणीतरी मोजायला हवी. इथे शापाच्या जागी जनुकं आली, मांत्रिकाच्या जागी डॉक्टर आला, एवढाच फरक. आणि विकार जनुकांतला म्हटल्यावर तो पुढच्या पिढीत उतरणार का, हा प्रश्न आलाच. कादंबरीचा सर्वात दुखरा भाग तिथे आहे. तो मी सांगणार नाही.

प्रेमकथा मात्र सांगायला हवी, कारण ती सरळ नाही. क्लेअर सहा वर्षांची असताना घराजवळच्या माळावर तिला छत्तीस वर्षांचा हेन्री भेटतो. तो पुन्हा पुन्हा येत राहतो, भेटींच्या १५२ तारखा तिच्या वहीत उतरतात. पुढे १९९१ मध्ये, विशीतली क्लेअर ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षांच्या हेन्रीसमोर उभी राहते, तेव्हा तो तिला ओळखतच नाही. त्याच्या आयुष्यात त्या भेटी अजून घडायच्या आहेत!

इथे मला एक खटकतं. आपला नवरा कोण, हे ठाऊक असतच ही मुलगी मोठी होते. मग तिनं निवड केली असं म्हणायचं कसं? कादंबरी हा प्रश्न टाळत नाही, पण माझ्या मते त्याचं ओझं क्लेअरवर जरा हलकंच टाकते. तरीही वाट पाहणाऱ्या बाईचं एकटेपण इतकं नेमकं फार थोड्या विज्ञानकथांमध्ये आलं आहे. तो गेला की ती घड्याळ पाहत नाही, हातातलं काम करत बसते. ती कलावंत आहे, स्वतः कागद बनवते.

२००९ साली यावर चित्रपट निघाला. पण आधी पुस्तक वाचावं. सुरुवातीची पानं गोंधळात टाकतात. प्रत्येक भागाच्या डोक्यावर तारीख आणि दोघांची वयं दिली आहेत, ती ओलांडून पुढे जाऊ नका. मी तर एका कागदावर दोन रकाने आखून, एकात त्याचं वय आणि दुसऱ्यात तिचं, असं मांडत गेलो. शंभरेक पानांनंतर कागदाची गरज उरली नाही.