व्यालेल्या कुत्रीचा सड सुजला तर

भाद्रपदात फळलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे महाड-पोलादपुराकडे भातकापणी उरकता उरकता. कोरडा पेंढा तेव्हा हाताशी असतो. पडवीतलं ओलं गोणपाट काढून तोच अंथरावा.

पिल्लं रात्रभर कुईकुई करतायत आणि आई पाजायला आडवीच होत नाही? तिच्या पोटावरून हात फिरवा. बहुतेकदा मागच्या, जास्त दुधाच्या जोडीतला एखादा सड गरम, टणक लागतो. पिळल्यावर पिवळट, गाठाळ किंवा रक्ताळ दूध येतं. हा स्तनदाह. गाईच्या दगडीसाठी, म्हणजे कासेच्या अशाच सुजेसाठी, गोठ्यात ठेवलेली सडात सोडायची ट्यूब इथे चालत नाही: गाईच्या सडाला छिद्र एकच, कुत्रीच्या सडाला अनेक आणि अगदी बारीक. घरातली पॅरासिटामॉल तर नकोच. प्रतिजैविक पशुवैद्यकानेच ठरवावं, कारण ते दुधातून पिल्लांच्याही पोटात जातं. आपण करायचं ते कोमट फडक्याने शेकणं, हलक्या हाताने दूध काढणं आणि पिल्लांच्या नख्यांची टोकं कापणं. ओरखड्यांतून जंतू शिरतात. कातडी जांभळी-काळी पडली तर पिल्लं बाजूला आणि कुत्री त्याच दिवशी दवाखान्यात.

दूध तोडायला ३-४ आठवड्यांनी सुरुवात करावी. पसरट ताटलीत मऊ भाताची पेज, त्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं. पहिले दोन दिवस पिल्लं त्यात नुसती पाय बुडवतात. नुसत्या गाईच्या दुधावर भागत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीहून अधिक असतात. ६ ते ८ आठवड्यांत पिल्लं सुटतात. तेव्हा आईचा खुराक थोडा कमी करावा, म्हणजे दूध आटतं.