सिद्धेश्वराचे तळे

सोलापूरचा प्रदेश पठारी. येथे वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरी. एखाद्या वर्षी तो भरभरून येतो, तर एखाद्या वर्षी आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. ज्या भूमीत पाण्याचा थेंब न् थेंब मोलाचा, त्या भूमीतील या शहराच्या मध्यभागी एक विस्तीर्ण तळे आहे. त्याच्या एका अंगाला जुना भुईकोट किल्ला आहे आणि मधोमध ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वराचे मंदिर आहे.

हे तळे निसर्गनिर्मित नव्हे, ते माणसांनी खणलेले आहे. बाराव्या शतकात, महात्मा बसवेश्वरांच्या काळात, सिद्धरामेश्वर नावाचे थोर शिवयोगी येथे होऊन गेले. त्या वेळी गावाचे नाव सोन्नलिगे होते. सिद्धराम बालपणी गुरे राखीत असत. एकदा प्रत्यक्ष मल्लिकार्जुनाने रानात येऊन त्यांच्याजवळ हुरडा मागितला व त्या देवाच्या शोधात ते श्रीशैलापर्यंत गेले, अशी कथा सांगतात. तेथून परतल्यावर त्यांनी गावात अडुसष्ट शिवलिंगे स्थापन केली आणि माणसांची व गुरांची तहान भागावी म्हणून तळे खणावयास घेतले. शेकडो हातांनी कुदळी चालवल्या, पाट्या वाहिल्या. राघवांक या कन्नड कवीने सिद्धरामांचे चरित्र काव्यरूपाने लिहून ठेवले आहे.

पुढे अल्लमप्रभू हे ज्ञानी पुरुष सोन्नलिगेस आले. त्यांनी सिद्धरामांची चौकशी ‘ओड्ड’, म्हणजे माती खणणारा, अशा नावाने केली, असे म्हणतात. बाहेरच्या कामांत गुंतून राहू नये, अंतरंगाकडेही पाहावे, असे त्यांना सुचवावयाचे होते. सिद्धरामांनी तो बोध घेतला. लोकांनी मात्र त्यांचा योग आणि त्यांची कुदळ ही दोन्ही सारख्याच आदराने स्मरणात ठेवली.

काळ पालटत गेला. बहमनी राजवटीत तळ्यालगत किल्ला उभा राहिला. शत्रूला अडविण्यास तळ्याचे पाणी तटाच्या उपयोगी पडू लागले. आदिलशाही, मोगल, पेशवे आणि १८१८ नंतर इंग्रज असे एकामागून एक सत्ताधीश आले व गेले. तळे होते तेथेच राहिले.

मोठे स्थित्यंतर घडले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सोलापुरात कापडाच्या गिरण्या निघाल्या व वस्ती झपाट्याने वाढू लागली. अदिला नदीवर बांध घालून १८७१ साली एकरूखचा जलाशय पुरा झाला आणि पुढे शहरास नळाचे पाणी मिळू लागले. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. आता सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या त्या धरणाचे पाणीही सोलापूरकरांना मिळते. ही सोय मोठीच झाली. परंतु ज्या पाण्यावाचून आपले अडत नाही, त्याच्याकडे माणसाचे लक्षही कमी होते. पिण्याच्या घागरीत कोणी कचरा टाकीत नाही. वापरात नसलेल्या हौदात मात्र तो सहज पडतो.

तळ्याचे पाणी बिघडते तरी कसे? भक्तिभावाने वाहिलेली फुले, पाने व अन्न पाण्यात पडून कुजतात. कुजताना ती पाण्यात विरघळलेला प्राणवायू शोषून घेतात. त्यांच्यापासून सुटलेल्या द्रव्यांवर शेवाळ पोसते आणि पाणी हिरवे होते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते खरे, पण रात्री तेही तो घेऊ लागते. उन्हाळ्यात पाणी आटते व तापते. ऊन पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. मग पहाटेच्या वेळी मासे श्वासासाठी पृष्ठभागावर येऊन तडफडतात. या तळ्याच्या काठी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या वार्ता काही वेळा वृत्तपत्रांत आलेल्या आहेत. रासायनिक रंगांच्या मूर्ती पाण्यात विसर्जित केल्या, तर या हानीत आणखी भर पडते.

आजही मकरसंक्रांतीच्या सुमारास येथे गड्ड्याची यात्रा भरते. उंच काठ्यांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात, तळ्याकाठी त्यांना स्नान घडते आणि अक्षतासोहळ्यास लाखो लोक लोटतात. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसे त्या गर्दीत एक होऊन जातात. त्यांची श्रद्धा उणावलेली नाही. निर्माल्य पाण्यात न सोडता वेगळ्या कलशात टाकणे, त्याचे खत करणे, मूर्तींचे विसर्जन निराळ्या कुंडात करणे, साचलेला गाळ वेळच्या वेळी उपसणे, हे उपाय साधे आहेत व कोणालाही करता येण्याजोगे आहेत.

सिद्धरामांनी तळे खणले ते तहानलेल्यांसाठी. त्या काळी पाटी उचलणारा प्रत्येक जण पूजाच करीत होता. आज तळ्यातून मूठभर कचरा बाहेर काढणारा हातही तीच पूजा पुढे चालवीत असतो.