हरकत कधी घ्यावी? ग्वाल्हेरचे उदाहरण

शांत गल्लीत बहुमजली इमारत येणार म्हटले की रहिवासी हरकत घेतात; पण ती केव्हा घ्यावी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ग्वाल्हेरचे उदाहरण पाहू. दौलतराव शिंदे यांच्या १८१०च्या छावणीतून वसलेल्या लष्कर भागात मराठी घराण्यांचे वाडे आणि अरुंद गल्ल्या आहेत. मध्य प्रदेशच्या १९७३च्या नगर व ग्राम निवेश अधिनियमानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळतात. कोणत्या भागात काय उभे राहू शकेल, हे तेथेच ठरते. पुढे एकेका इमारतीच्या वेळी ‘शांतता भंगेल’ एवढे म्हणणे सहसा अपुरे पडते. रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची, चटई क्षेत्र किंवा वाहनतळ यांबाबतचा नियमभंग दाखवावा लागतो. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. किल्ल्याच्या शहरात हा केंद्रीय कायदाही महत्त्वाचा. गोव्यातही नगर नियोजन कायद्यात आणलेल्या कलम ३९-अ खालील क्षेत्रबदलाच्या प्रस्तावावर हरकतींसाठी ३० दिवसांचीच मुदत ठेवण्यात आली होती. नवी घरे हवीतच; मात्र पायाखोदाई सुरू होण्यापूर्वीच शेजाऱ्यांनी आराखडा पाहिलेला असावा.