भोर ते रौप्यमहोत्सव : दादा कोंडके

मूळ नाव : कृष्णा कोंडके
जन्म : 8 ऑगस्ट 1932, नायगाव, मुंबई, वडील गिरणी कामगार
मूळ गाव : इंगवली, तालुका भोर (तेव्हाचे भोर संस्थान)

सुरुवात : सेवा दलाच्या कलापथकातून. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने नाव गावोगाव पोचवले.

पडद्यावर : भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ (1969) हा पहिला चित्रपट. ‘सोंगाड्या’पासून (1971) ते स्वतः निर्माते झाले. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’ (1972), ‘आंधळा मारतो डोळा’ (1973), ‘पांडू हवालदार’ (1975), ‘राम राम गंगाराम’ (1977).

ओळख : ढगळ अर्धी चड्डी, पुढे लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर भाबडेपणा आणि तोंडी द्वयर्थी संवाद. शहरी समीक्षकांनी नाके मुरडली, पण तंबू थिएटरपासून दादरच्या कोहिनूरपर्यंत गर्दी हटली नाही.

जमलेली टीम : नायिका उषा चव्हाण, संगीतकार राम-लक्ष्मण, पडद्यावरच्या दादांना गाण्यात महेंद्र कपूर यांचा आवाज, जोडीला उषा मंगेशकर.

विक्रम : सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकात नोंद.

निधन : 14 मार्च 1998, मुंबई.